शिवणीतली माया

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपीकाका बसायचे. नवे कपडे शिवणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. फक्त अल्टर करून द्यायचे. दिवाळीला दुकानातून आणलेल्या पँटी, थोरल्याचा धाकट्याला आलेला शर्ट, आहेरात आलेला आणि दंडात न बसणारा ब्लाउज, असलं सगळं त्यांच्याकडे जायचं. कपडा हातात आला की काका आधी तो उलटा करत. बाहेरून तो कितीही देखणा असो, त्यांची नजर आतल्या शिवणीवर. शिवण बोटांनी चाचपायची आणि म्हणायचं, "माया आहे का बघू." शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. ती दोन बोटं असली तर कपडा उसवून सैल करता येतो. नसली तर काका कपडा घडी घालून परत देत. घट्ट कुणालाही करता येतं. सैल करणं मात्र मूळच्या शिवणाऱ्याच्या हातात असतं, आणि तो तर कधीच घरी गेलेला असतो.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा बराचसा दिवस या काकांसारखाच जातो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. कोरा पडदा समोर घेऊन सगळं पहिल्यापासून लिहायचं, असं आता क्वचितच घडतं. तारखा सांभाळायला एक तयार भाग, पैसे भरून घ्यायला दुसरा, नकाशा दाखवायला तिसरा, असे कुणी ना कुणी लिहून ठेवलेले भाग आणायचे आणि आपल्या कामाच्या अंगावर बसवायचे. आणणं सोपं आहे. बसवण्यातच कस लागतो, आणि हे प्रकरण त्या बसवण्याचं आहे.

तयार भागांचं स्वप्न तसं जुनं. ऑक्टोबर 1968मध्ये जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली होती. संगणक दणकट होत होते, पण त्यांच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम वेळेवर होत नव्हते आणि झाले तर चालत नव्हते, हे त्या परिषदेचं दुखणं. तिथे बेल लॅब्जच्या डग मॅक्इल्रॉय यांनी सरळ प्रश्न टाकला. इतर धंद्यांत कारखान्यात बनलेले सुटे भाग यादीतून निवडून मागवता येतात, मग सॉफ्टवेअरवालेच प्रत्येक वेळी खिळ्यापासून सुरुवात का करतात? त्यांनी उदाहरण घेतलं साइन काढणाऱ्या छोट्याशा प्रोग्रॅमचं, शाळेतल्या त्रिकोणमितीतलं ते साइन. कुणाला अचूकता जास्त हवी, कुणाला कमी. कुणाला छोट्या कोनांपुरतं पुरे, कुणाला सगळी रेंज हवी. कुणाला चुकीचा आकडा आला तरी न कोसळणारं हवं. असे पर्याय एकमेकांशी गुणत त्यांचा हिशेब तीनशे प्रकारच्या साइनपर्यंत गेला. कारखान्याने तीनशेही मापं बनवून फडताळात ठेवावीत, गिऱ्हाइकाने आपलं माप उचलावं, अशी कल्पना.

हे फडताळ त्या रूपात कधीच उभं राहिलं नाही. एका साइनला तीनशे मापं लागत असतील, तर विम्याचा हप्ता काढणाऱ्या किंवा रेल्वेचं आरक्षण करणाऱ्या भागाला किती लागतील? उत्तर दुसऱ्या दिशेने आलं, आणि ते मॅक्इल्रॉय बोलत होते त्याच सुमारास नॉर्वेत तयारही होत होतं. मापं तीनशे नकोत. कपडा एकच असू द्या, पण तो प्रत्येकाला आपल्या अंगाप्रमाणे वळवून घेता यावा.

ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला 67 ही भाषा रचली. ऑब्जेक्ट, क्लास आणि वारसा या कल्पना तिच्यात एकत्र आल्या. पुढे 2001 सालचा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला तो याच कामासाठी. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया यांची एकत्र बांधलेली पुरचुंडी. बँकेतल्या खात्याचं ऑब्जेक्ट घ्या. शिल्लक त्याच्या पोटात. बाहेरच्याला मात्र 'पैसे भर', 'पैसे काढ', 'शिल्लक सांग' एवढ्याच खिडक्या उघड्या. आत हात घालायला मज्जाव. या खिडक्यांना मेथड म्हणतात, आणि सगळ्या खिडक्या मिळून त्या ऑब्जेक्टचा इंटरफेस होतो. असली ऑब्जेक्टं ज्या कागदी नमुन्यावरून बेतली जातात तो नमुना म्हणजे क्लास.

खरी जादू वारशात होती. बचत खात्याचा क्लास तयार आहे, पण तुम्हाला हवं आहे ज्येष्ठ नागरिकांचं खातं. व्याजाचा दर तेवढा वेगळा, बाकी सगळं तेच. अशा वेळी मूळ क्लासला हातही लावायचा नाही. त्याचा वारस असलेला नवा क्लास लिहायचा, आणि त्यात फक्त 'व्याज काढ' ही एक मेथड नव्याने सांगायची. याला ओव्हरराइड करणं म्हणतात. बापाचं घर, बापाची शेती, फक्त देवघर आपल्या पद्धतीने मांडलं. ऐंशीच्या दशकात ही कल्पना सगळ्यांच्या डोक्यात भिनली. ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेचे जनक ब्रॅड कॉक्स तर 'सॉफ्टवेअर आयसी' म्हणू लागले. रेडिओ जुळवणारा जसा बाजारातून आयसी आणून सर्किटवर बसवतो, तशी ऑब्जेक्टं आणून बसवायची. मॅक्इल्रॉयचं स्वप्न आता खरं झालंच, असं पुष्कळांना वाटलं.

वारशात नको ते पदरात पडतं, हे मात्र घराघरात माहीत असूनही प्रोग्रॅमरांच्या लक्षात उशिरा आलं.

जावा या भाषेतलं एक उदाहरण इतकं ठसठशीत आहे, की ते मुद्दाम शिकवण्यासाठीच ठेवलंय की काय असं वाटावं. जावाची पहिली आवृत्ती 1996 साली आली. तिच्यात 'स्टॅक' नावाचा एक क्लास होता. स्टॅक म्हणजे ताटांची चळत: ठेवायचं ते वरच, काढायचं तेही वरूनच. जावा बनवणाऱ्यांकडे 'व्हेक्टर' नावाचा एक तयार क्लास आधीच होता, हवी तेवढी वाढणारी यादी. चळत ही एक यादीच तर आहे, असा विचार करून त्यांनी स्टॅकला व्हेक्टरचा वारस केलं. थोडक्यात काम झालं. पण व्हेक्टरमध्ये 'अमुक क्रमांकावर घुसव' ही खिडकीही होती, आणि वारशाने ती स्टॅकलाही मिळाली. त्यामुळे जावाच्या चळतीत मधलं ताट ओढून काढता येतं आणि मध्येच नवं सरकवताही येतं. तिला चळत म्हणायचं ते नावापुरतं. गंमत म्हणजे ही चूक कळूनही दुरुस्त करता आलेली नाही. जगभरातले कितीतरी प्रोग्रॅम त्या क्लासवर उभे आहेत. मधली खिडकी बुजवली तर कुणाचं घर कोसळेल सांगता येत नाही. म्हणून कागदोपत्री 'याऐवजी दुसरा वापरा' अशी पाटी लावून ठेवली आहे आणि स्टॅक आपल्या जागी आहे. वाड्यातल्या भाडेकरूसारखा.

दुसरा घोटाळा याहून सूक्ष्म. समजा, नावांची यादी सांभाळणारा एक तयार क्लास आहे. त्याला दोन खिडक्या: 'एक नाव घाल' आणि 'अनेक नावं घाल'. आजवर एकूण किती नावं घातली गेली याची मोजदाद तुम्हाला हवी आहे, म्हणून तुम्ही वारस क्लास लिहिता. पहिल्या खिडकीवर एक मिळवता, दुसरीवर जितकी नावं आली तितके मिळवता, आणि पुढचं काम बापाकडे सोपवता. मग तीन नावं एकदम घालून पाहता. मोजणी सांगते, सहा.

चूक तुमच्या बेरजेत नसते. मूळ क्लासचा लेखक आळशी, किंवा शहाणा, होता. त्याने 'अनेक नावं घाल' लिहिताना आतून 'एक नाव घाल' हीच मेथड तीन वेळा बोलावली होती. ती बोलावणी तुमच्या ओव्हरराइड केलेल्या खिडकीवरून गेली आणि प्रत्येक नाव दोनदा मोजलं गेलं. हे कुठे लिहिलं होतं? कुठेही नाही. ती त्याच्या घरातली बाब होती. बरं, आत डोकावून तुम्ही हे शोधलंत, मोजणी नीट केलीत. पुढच्या वर्षी मूळ लेखकाने वेगासाठी आतली रचना बदलली की तुमची मोजणी पुन्हा चुकणार, आणि या वेळी कमी भरणार. बापाने घरातल्या घरात कपाट हलवलं आणि मुलाच्या खोलीची भिंत पडली, असा हा प्रकार. जोशुआ ब्लॉक यांनी 2001मध्ये जावावर लिहिलेल्या पुस्तकात याच जातीचं उदाहरण सविस्तर मांडलं. त्यांचा सल्ला कडक होता: वारसा द्यायचा तर विचार करून द्या आणि काय काय बदलता येईल ते लिहून ठेवा, नाहीतर वारसा देऊच नका, दार बंद करा.

म्हणजे माया कुठे सोडायची ते शिवतानाच ठरवायचं. इथे भाषाभाषांचे स्वभाव वेगळे दिसतात. जावामध्ये साधी मेथड लिहिली की ती ओव्हरराइड करायला मोकळी. नको असेल तर 'फायनल' असा शब्द आठवणीने लिहावा लागतो. सी++ आणि सी-शार्प यांत उलटं. तिथे 'व्हर्च्युअल' असं मुद्दाम म्हटल्याशिवाय ओव्हरराइड करता येत नाही. एका शिंप्याची माया सगळ्या शिवणींत, दुसऱ्याची गिऱ्हाइकाने सांगितली तरच. मला स्वतःला दुसरा अधिक प्रामाणिक वाटतो. सगळीकडे माया सोडली तर कपडा अंगात टोचतो, आणि शिवाय शिवणाऱ्याने कुठली शिवण उसवायला योग्य याचा विचारच केलेला नसतो. पण हेही खरं, की दार बंद असलेल्या क्लासशी रात्री अकरा वाजता झुंजताना मी त्या प्रामाणिकपणाला भरपूर शिव्या घातल्या आहेत.

वारशाला पर्याय काय? 1994 साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचं 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक आलं. प्रोग्रॅमरांच्या जगात या चौकडीला 'गँग ऑफ फोर' म्हणतात. चांगल्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या तेवीस रचना त्यांनी नावं देऊन मांडल्या. कल्पनेचं बीज वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या घरं-गावांवरच्या लिखाणातलं. वारसा घेण्याआधी दहादा विचार करा, शक्यतो तयार भाग आपल्या पोटात ठेवा आणि त्याच्याकडून काम करून घ्या, हा त्यांचा आग्रह. मोजणीचं उदाहरण या पद्धतीने केलं तर गोंधळच उरत नाही. आपला क्लास यादीचा वारस होत नाही. यादी आपल्या खिशात ठेवतो. कुणी तीन नावं दिली की आपण तीन मोजतो आणि नावं यादीच्या हवाली करतो. ती आत एकेक घालो की एकदम, आपल्या मोजणीला तिचं काही देणंघेणं नाही.

त्या तेविसांतली एक रचना म्हणजे अडॅप्टर. नाव ऐकूनच कळावं असं. तुमच्या प्रोग्रॅमला एका आकाराच्या खिडक्या हव्यात, तयार भागाच्या खिडक्या दुसऱ्या आकाराच्या. मध्ये एक छोटा क्लास उभा करायचा, जो इकडची हाक ऐकतो आणि तिकडच्या भाषेत सांगतो. पुस्तकात उदाहरण चित्रं काढण्याच्या प्रोग्रॅमचं आहे. रेषा, बहुभुज वगैरे आकार त्याला काढता येतात, पण मजकूर दाखवणं अवघड, म्हणून मजकुराचा तयार भाग आणला. त्याला मात्र आपण 'आकार' आहोत हे ठाऊकच नाही. मधला क्लास त्याला आकाराचा अंगरखा घालतो. म्हणून याला रॅपर, वेष्टण, असंही म्हणतात.

अडॅप्टर या शब्दाने मात्र एक फसवा दिलासा मिळतो. आपल्या घरात दोन मापांची सॉकेटं असतात, लहान आणि गिझरचं मोठं. मोठ्या पिनेला लहान सॉकेटमध्ये बसवणारा ठोकळा बाजारात सहज मिळतो. पिन बसते. पण भिंतीतली तार तीच जुनी बारीक. ठोकळ्याने आकार जुळवला; भार कोण सोसणार हे त्याने विचारलंच नाही.

हे किती खोल जातं, ते मराठी माणसाला आपल्या लिपीतच पाहता येईल. 'श्रीकृष्ण' हा शब्द घ्या. आपल्या लेखी तीन अक्षरं. संगणकाच्या फाइलीत तो आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीने साठवला तर 27 बाइट होतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्या बाइटांची चिन्हं करून देणारा एक अडॅप्टर जावामध्ये अगदी सुरुवातीच्या काळातला आहे. एका बाजूने बाइट घ्यायचे, दुसऱ्या बाजूने चिन्हं द्यायची. 27 बाइट घातले की नऊ चिन्हं बाहेर: श, हलन्त, र, वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त, ण. पण हे करायला बाइट कोणत्या पद्धतीने लिहिलेत ते त्याला माहीत हवं. ते सांगितलं नाही, तर तो ज्या संगणकावर चालतोय तिथली रूढ पद्धत गृहीत धरायचा. लिहिणाऱ्याच्या टेबलावर 'श्रीकृष्ण' स्वच्छ दिसायचा आणि गिऱ्हाइकाकडे त्याच फाइलीतून टोप्या घातलेल्या परक्या अक्षरांची रांग निघायची. दोन्हीकडे खिडक्या जुळलेल्या, कुठेही तक्रार नाही. काहीच सांगितलं नसेल तर सगळीकडे यूटीएफ-8 धरायचं, हे जावाने ठरवलं ते 2022 साली, अठराव्या आवृत्तीत.

बाइटांवरून नऊ चिन्हांपर्यंत आलो. नवावरून तीन अक्षरांपर्यंत यायचं अजून बाकीच आहे. 'नाव लांब असेल तर पहिली अमुक अक्षरं दाखव' असा छोटा तयार भाग जगातल्या निम्म्या पडद्यांमागे बसलेला असतो म्हटलं तरी चालेल. इंग्रजीसाठी लिहिताना त्याच्या लेखकाने एक चिन्ह म्हणजे एक अक्षर असं धरलं. त्याच्यापुरतं ते खरंच होतं. आठवर कापायला सांगा, तो 'श्रीकृष्' एवढं ठेवतो आणि बिचाऱ्या ष चा पाय मोडून सोडून देतो. असली पाय मोडलेली नावं मी तिकिटांवर पाहिली आहेत, पावत्यांवर पाहिली आहेत, एकदा तर सत्काराच्या प्रमाणपत्रावर. पुढे मोबाइलवर इमोजी आले. एका चेहऱ्याला दोन-चार चिन्हं लागू लागली, आणि कापताना चेहरे फुटू लागले तेव्हा मात्र दुरुस्त्या भराभर झाल्या. आपल्या जोडाक्षरांचं दुःख जगाला हसऱ्या पिवळ्या चेहऱ्यांमुळे कळलं असावं, असा माझा संशय आहे.

जुन्या मराठी फॉन्टांवरून युनिकोडवर येताना याच जातीचं काम छापखान्यांना करावं लागलं. जुने फॉन्ट दिसण्यावर चालायचे. 'कि' टाइप करायचं तर आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं, आधी क, मग वेलांटी. 'अर्थ' मधला रफार जुन्या पद्धतीत थ नंतर यायचा. युनिकोडमध्ये तो र आणि हलन्त होऊन थ च्या आधी जातो. त्यामुळे रूपांतर करणाऱ्याला 'या आकड्याच्या जागी तो आकडा' अशी नुसती कोष्टकं पुरत नाहीत. वेलांटी उचलून पुढे, रफार उचलून मागे, आणि जोडाक्षर असेल तर कुठल्या व्यंजनाच्या पलीकडे न्यायचा तेही ठरवायचं. ज्यांनी हे केलं त्यांनी दोन्ही घरांच्या चालीरीती आतून ओळखल्या होत्या.

घरच्या चालीरीती म्हणजे न लिहिलेली गृहीतं. 1995 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेव्हिड गार्लन, रॉबर्ट ॲलन आणि जॉन ऑकरब्लूम यांनी या गृहीतांवर एक निबंध लिहिला, आणि तो वाचताना हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. त्यांना ईसॉप नावाची एक प्रणाली बांधायची होती. मंडळी जाणती होती. सगळं स्वतः लिहायचं नाही, चार चांगले तयार भाग आणायचे असं ठरलं. ऑब्जेक्ट साठवायचा एक, पडद्यावरच्या खिडक्या-बटणांसाठी दुसरा, साधनांनी एकमेकांना निरोप द्यायला तिसरा, आणि एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला दुरून हाक मारायला चौथा. चारही भाग नावाजलेले, वापरून पाहिलेले. अंदाज केला सहा महिने, आणि एका माणसाच्या वर्षभराचं काम. लागली दोन वर्षं, आणि जवळजवळ पाच माणसांचं वर्षभराचं काम. तरीही जे उभं राहिलं ते अवजड आणि मंद.

यात एकही भाग बिघडलेला नव्हता. प्रत्येक भाग आपापल्या जागी चोख. पण घरात मालक कोण, याबद्दल प्रत्येकाची समजूत वेगळी. पडद्यावाल्या भागाला वाटत होतं, मुख्य फेरा माझा: मी वाट पाहीन, माऊस हलला की मी सगळ्यांना उठवीन. निरोपवाल्या भागालाही नेमकं हेच वाटत होतं. एका प्रोग्रॅममध्ये असे दोन फेरे एकाच वेळी चालू शकत नाहीत. एक वाट पाहत बसला की दुसऱ्याच्या वाट्याची घंटा कुणालाच ऐकू येत नाही. शेवटी मंडळींना तयार भागांच्या आत हात घालून ते बदलावे लागले. इंटरफेसच्या कागदावर यातलं काही नव्हतं. तिथे होती खिडक्यांची नावं, आणि कुठल्या खिडकीत काय द्यायचं एवढंच. याच लेखकांनी 2009 साली त्या निबंधाकडे वळून पाहत पुन्हा लिहिलं, तेव्हा शीर्षकात फक्त एका शब्दाची भर घातली: भागांचा पुनर्वापर 'अजूनही' इतका कठीण का.

दोन वर्षं वाया जाणं तसं स्वस्तच. आता 4 जून 1996च्या सकाळकडे जाऊ.

दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात कूरू इथे युरोपचा अवकाशतळ आहे. तिथून त्या दिवशी आरियान 5 हे नवंकोरं रॉकेट पहिल्यांदा उडालं. पोटात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह, पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचा अभ्यास करण्यासाठी बनवलेले. उड्डाणाला चाळीस सेकंदही झाली नव्हती, रॉकेट सुमारे 3700 मीटर उंचीवर होतं, तेव्हा ते अचानक तिरकं वळलं, हवेच्या माऱ्याने तुटू लागलं आणि स्वतःला नष्ट करण्याच्या यंत्रणेने ते उडवून दिलं. फ्रेंच गणिती झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल जुलैमध्ये आला, आणि तयार भाग वळवून घेण्याच्या विषयावर मला तरी त्याच्याइतकं मोलाचं दुसरं वाचन माहीत नाही.

रॉकेट कुठे आहे, कुठल्या कोनात आहे हे सांगणारी एक यंत्रणा असते. आरियान 5मधली ही यंत्रणा, तिच्या सॉफ्टवेअरसकट, आरियान 4वरून उचललेली होती. आरियान 4 भरवशाचं रॉकेट. म्हणून 'चालतंय त्याला हात लावू नका' हे धोरण. त्या सॉफ्टवेअरमध्ये आडव्या वेगाशी निगडित एक आकडा 64 बिटांच्या जागेतून काढून 16 बिटांच्या जागेत ठेवला जाई. 16 बिटांत 32,767पेक्षा मोठी संख्या मावत नाही. हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. असे एकूण सात आकडे त्यांनी तपासले होते. चारांना संरक्षण दिलं, तीन उघडे ठेवले. कारण संगणकावर 80 टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही अशी मर्यादा होती, आणि ते तीन आकडे आरियान 4च्या मार्गावर कधीच इतके मोठे होणार नव्हते. निर्णय आरियान 4पुरता बरोबर होता. आरियान 5 मात्र वेगळ्या वाटेने चढायचं आणि त्याचा आडवा वेग पाचपट झपाट्याने वाढायचा. उड्डाणानंतर साधारण 37व्या सेकंदाला तो आकडा 16 बिटांत मावेना. यंत्रणेने हात वर केले आणि स्वतःला बंद करून घेतलं. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर. ती क्षणभर आधीच, 72 मिलिसेकंदांपूर्वी, त्याच कारणाने बंद पडली होती.

यापुढचं अधिक विलक्षण. बंद पडताना यंत्रणेने बिघाडाची माहिती पाठवली, आणि मुख्य संगणकाने ती रॉकेटच्या स्थितीची माहिती समजून वाचली. रॉकेट भलतीकडे चाललंय असा समज करून घेऊन त्याने इंजिनांची नळकांडी पूर्ण वळवली. खिडकी जुळलेली, बिटांची संख्या जुळलेली, अर्थ मात्र सर्वस्वी निराळा.

आणि जो हिशेब करताना हे घडलं, त्याची त्या वेळी गरजच नव्हती. जमिनीवर उभ्या रॉकेटची यंत्रणा जुळवून घेण्यासाठी तो हिशेब असे. आरियान 4मध्ये तो उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद मुद्दाम चालू ठेवला जाई, कारण उलटी गिनती शेवटच्या क्षणी थांबली तर सगळी जुळवाजुळव पुन्हा करण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ जायचा. 1989च्या एका उड्डाणात ही सोय कामीही आली होती. आरियान 5ला ती नको होती. जुन्या शर्टाच्या खिशात राहिलेल्या काडेपेटीसारखी ती तशीच सोबत आली.

ते सॉफ्टवेअर अ‍ॅडा भाषेत होतं, आणि त्या काळची अ‍ॅडा पुरती ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणता येणार नाही. दुखणं मात्र स्टॅकचं आणि ईसॉपचंच. म्हणूनच आयफेल या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेचे जनक बर्ट्रंड मेयर यांनी झाँ-मार्क जेझेकेल यांच्यासह जानेवारी 1997मध्ये या अपघातावर लिहिलं. मेयर अनेक वर्षं एक गोष्ट सांगत आले होते: प्रत्येक मेथडवर करारनामा लिहा. मला बोलावण्याआधी काय खरं असलं पाहिजे, आणि माझं काम झाल्यावर काय खरं असेल, हे कोडमध्येच नोंदवा आणि यंत्राला तपासू द्या. 'हा आकडा 32,767च्या आत हवा' ही एक ओळ त्या मेथडच्या माथ्यावर असती, तर आरियान 5साठी ती उचलणाऱ्याला ती वाचावी तरी लागली असती, असं त्यांचं म्हणणं. यावर वादही झाला. करार लिहिला तरी नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे घालून तो कुणी तपासलाच नसता तर काय, असा सवाल टीकाकारांनी केला. तो बिनतोड आहे. अहवालातच म्हटलंय, की या यंत्रणेच्या गरजांच्या कागदपत्रांत आरियान 5च्या मार्गाची माहिती घातलीच नव्हती, आणि जमिनीवरच्या एकत्रित चाचण्यांत ती यंत्रणा खरीखुरी न जोडता तिची नक्कल जोडली गेली.

माझा कल तरीही मेयर यांच्याकडे झुकतो. वारशाच्या बाबतीत संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव यांनी 1987मध्ये जे सांगितलं तेही याच कुळातलं. बापाच्या जागी मुलाला उभं केलं तर बापावर विसंबलेल्या कुणालाही फरक जाणवता कामा नये. नुसत्या खिडक्यांची नावं सारखी असून भागत नाही, वागणूक सारखी हवी. वागणूक ठरवायची तर ती आधी कुठेतरी लिहिलेली असावी लागते. आरियानच्या त्या तीन उघड्या आकड्यांमागचं कारण मूळ लेखकांना माहीत होतं, त्यांनी त्यावर चर्चाही केली होती. फक्त ते कारण कोडमध्ये, जिथे नंतर उचलणाऱ्याची नजर जाईल तिथे, उतरलेलं नव्हतं.

त्या सकाळी नष्ट झालेल्या चार उपग्रहांची गोष्ट तिथे संपली नाही. शास्त्रज्ञांनी आधी एकच उपग्रह पुन्हा बांधायला घेतला, मूळ चौघांसाठी करून ठेवलेल्या जादा सुट्या भागांमधून. नाव ठेवलं फीनिक्स, राखेतून उठणारा पक्षी. पुढे तीन नवेही मंजूर झाले, आणि 2000च्या जुलै-ऑगस्टमध्ये कझाकस्तानातल्या बैकोनूरहून सोयूझ रॉकेटांनी चौघांना दोन-दोन करून वर नेलं. फीनिक्सचं नाव आता रुंबा झालं होतं. त्याचे भाग उरलेले होते, पण ते याच बेताच्या, याच मापाच्या उपग्रहासाठी बनवलेले होते. वळवून घेण्यासारखं त्यांत काही नव्हतं. तो आणि त्याचे तीन भाऊ दोन वर्षांच्या ठरलेल्या कामासाठी गेले आणि चोवीस वर्षं टिकले.